काहीच नसलेलं पाणी

उमरग्यात हुमेराला सगळे पाणीवाल्या मॅडम म्हणतात. नवख्या माणसाला वाटतं, बाईंचा जारचा धंदा असणार. एकदा एका लग्नघरचा माणूस प्रयोगशाळेच्या दारात टेम्पो लावून उभा राहिला, वीस जार द्या म्हणाला, आणि थंड असले तर बरं होईल हेही वर त्यानं ऐकवलं. हुमेरानं त्याला आत बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की आमचं पाणी प्यायचं नसतं.

"मग कशाचं असतंय?" त्यानं विचारलं.

"दुसऱ्यांचं पाणी तपासायचं."

त्या गृहस्थानं चहा संपवला, नमस्कार केला आणि तो निघाला. जाता जाता व्हरांड्यात झाडू मारणाऱ्या शांतम्माला हळूच विचारून गेला, मॅडमची तब्येत बरी असते ना म्हणून.

त्याचं चुकलं असं कसं म्हणावं? पाणी तपासायला आधी पाणीच लागतं, हे कुणाच्या चटकन डोक्यात शिरत नाही. किराणा दुकानदार डाळ मोजण्याआधी रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर आहे का बघतो. प्रयोगशाळेतला तो रिकामा तराजू म्हणजे हुमेराचं पाणी. त्यात क्षार नको, जंतू नकोत, धूळ नको, काही म्हणजे काही नको. विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासण्याआधी हे कोरं पाणी तपासायचं, त्याला तिथं ब्लँक म्हणतात. ब्लँक शून्य आला तरच पुढचा आकडा खरा. ब्लँकमध्येच घोळ असेल तर मग वर कितीही मोठ्या पदवीचा माणूस सही करू दे, तो कागद वडापाव बांधायच्या लायकीचा.

हे काहीच नसलेलं पाणी करण्यात हुमेरानं आयुष्याची पंधरा वर्षं घातली होती. लोकांना तिचं काम सांगून कळत नसे आणि तिला ते सांगायचा कंटाळाही येत नसे.

तिचे वडील खाजाभाई कल्हईवाले. जमिनीत खड्डा करून पेटवलेली कोळशाची भट्टी, तिला वारा घालायचा हातपंखा, कथलाची कांडी आणि नवसागराची पुडी, एवढ्यावर त्यांनी संसार ओढला. भांडं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, त्या धुरात हात घालून कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचं, की काळंमिट्ट पातेलं आतून लखलखीत. लहानपणी पंख्याचा दांडा फिरवायचं काम हुमेराचं. शाळेतल्या मुली तिच्या शेजारी बसायला नाक मुरडायच्या, हिच्या गणवेशाला कसलातरी वास येतो म्हणायच्या. हुमेरा घरी येऊन गणवेश हुंगून बघायची. तिला कधीच काही सापडलं नाही, तेव्हा मुलीच खोटं बोलतात असं ठरवून ती मोकळी झाली.

खाजाभाईंची एक खोड सगळ्या बाजाराला माहीत होती. त्यांनी लावलेली कल्हई महिनाभरात कुठं काळी पडल्याचं कानावर आलं, तर गिऱ्हाइकानं तक्रार करायच्या आधी ते स्वतः त्याच्या दारात उभे राहायचे. भांडं मागून आणायचे, पुन्हा कल्हई करून पोचवायचे आणि वर सांगायचे, कापूस ओला होता, चूक माझी झाली. बायको अजीजाबी वैतागून म्हणायची, "लोक काय म्हणतील?" खाजाभाई म्हणायचे, "लोक पुन्हा मलाच बोलवतील."

हुमेरा मुरुमच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पुढं एम.एस्सी., पीएच.डी. आणि मग हैदराबादला एका कंपनीत लागली. कंपनी प्रयोगशाळांना लागणारं शुद्ध पाणी करणारी यंत्रं बनवायची. तिथं दहा वर्षांत तिनं पाण्याची अशी काही नस पकडली की नवं यंत्र सुरू करताना साहेब लोक आधी तिला हाक मारायचे. पगार चांगला, क्वार्टर चांगलं, नवरा तौसिफ तिथल्याच शाळेत शिक्षक. सगळं सुरळीत चाललेलं असताना अजीजाबी गुडघ्यांनी आडवी झाली. त्याच सुमारास उमरग्यातल्या एका संस्थेनं पाणी तपासणीची प्रयोगशाळा काढायचं ठरवलं. तोवर इकडच्या गावांचे नमुने लांब जायचे, आणि अहवाल यायचा तेव्हा त्या विहिरीतलं पाणी बदललेलं असायचं. हुमेरानं अर्ज केला. तौसिफसह अर्ध्या पगारावर आली, आणि आल्याचा पस्तावा तिला एक दिवसही झाला नाही.

पाण्याची खोली तिनं आपल्या हातानं उभी केली. इकडचं बोअरचं पाणी इतकं जड की चार दिवसांत किटलीच्या तळाशी चुन्याचा पापुद्रा बसतो. यंत्रासोबत आलेला नकाशा तिनं बाजूला ठेवला आणि इथल्या पाण्याला पुरेल अशी सगळी मांडणी बदलली. वाळू, कोळसा, क्षार अडवणारा पडदा, उरलेसुरले क्षार ओढून घेणारे राळेचे मणी, शेवटी जंतू मारणारा दिवा. पाणी ह्या सगळ्यांतून गाळून निघायचं आणि पहाटेपर्यंत बंद टाकीत साठायचं, संध्याकाळी उरलेलं ओतून द्यायचं. टाकी बंद असली तरी तिला श्वास घ्यायला एक नळी ठेवावी लागते, कारण जेवढं पाणी काढाल तेवढी हवा आत यायला हवी. ती नळी खोलीत ठेवली तर प्रयोगशाळेतल्या आम्लांची वाफ आत जाईल, म्हणून हुमेरानं विचार करकरून ती मागच्या भिंतीतून बाहेर काढली. तोंडाला धूळ अडवणारी जाळी बसवली. रोज सकाळी साडेनऊला ती टाकीतलं पाणी काढून ब्लँक घ्यायची. पाच वर्षांत एकदाही तो चुकला नव्हता, आणि ह्याचा तिला गर्व होता. गर्वच म्हणायचा, दुसरा शब्द लावून उगाच साळसूदपणा कशाला.

मागच्या दिवाळीच्या आसपास हमरस्त्याकडेची कल्हईची जागा गेली. तिथं दुकानांचे गाळे उठले. चाळीस वर्षं बसायची सवय असलेले खाजाभाई घरात येरझाऱ्या घालू लागले. आता रोजचं काम उरलं नव्हतं, पण आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतून तांब्या-पितळेची भांडी यायची आणि दावतीच्या मोठाल्या डेगा यायच्या. हुमेरानं प्रयोगशाळेचे प्रमुख रणधीर सर ह्यांना विचारलं. मागच्या आवारात कडुलिंब आहे, बाजाराच्या दिवशी अब्बांना तिथं बसू द्याल का? सरांनी लगेच हो म्हटलं. खाजाभाईंनी कडुलिंबाखाली खड्डा खणला, आणि हुमेराला बरं वाटलं की बाप डोळ्यांसमोर राहील.

सात महिने असे गेले.

त्या दिवशी बाजार होता. सकाळी हुमेराला एका शाळेत मुलांशी बोलायला बोलावलं होतं, म्हणून ती प्रयोगशाळेत पोचली ती साडेबाराला. आल्या आल्या तिनं राहिलेला ब्लँक घ्यायला घेतला. अमोनियाच्या तपासणीत एक औषध टाकतात. पाण्यात अमोनिया असला तर रंग पिवळा होतो, नसला तर पाणी जसंच्या तसं राहतं. हुमेरानं काचेची नळी उजेडाकडे धरली. नळीत हळदीचं बोट लागल्यागत फिकट पिवळी झाक होती.

तिनं दुसरी नळी घेतली, मग तिसरी. तिन्ही पिवळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लँक स्वच्छ आला. तरी तिनं राळ बदलली, टाकी घासली, नळ्या नव्या घातल्या. त्या दिवसापासून सहा दिवस सकाळ-दुपार दोन्ही वेळा ब्लँक घेतला, सगळे कोरे. सातव्या दिवशी, म्हणजे पुन्हा बाजाराच्या दिवशी, सकाळी कोरा आणि दुपारी पिवळा. हुमेरा खुर्चीत बसली आणि बाजाराच्या दिवशी वेगळं काय घडतं ह्याचा हिशोब लावू लागली. एकच गोष्ट आठवली. शांतम्माला बाजारहाट करायची असते, म्हणून ती त्या दिवशी फरशी संध्याकाळऐवजी साडेअकरालाच पुसते.

"तुम्ही पाण्यात काय टाकता?" हुमेरानं विचारलं. आवाज जरा चढलाच.

"फिनेल. नेहमीचंच," शांतम्मा म्हणाली.

"ह्यापुढं ह्या बाजूला फिनेल आणायचं नाही. साध्या पाण्यानं पुसायचं. आणि ती बादली इथं ठेवायची नाही."

शांतम्मानं फडकं पिळून ठेवलं. वीस वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी फरश्या पुसलेली बाई, साहेब लोकांच्या चढलेल्या आवाजाची तिला सवय होती. पण हुमेरा मॅडमचा आवाज आजवर चढला नव्हता, म्हणून तिला ते लागलं. पुढच्या बाजाराला तिनं साध्या पाण्यानं फरशी पुसली, बादली पार फाटकाबाहेर नेऊन ठेवली. दुपारी ब्लँक पिवळाच आला.

हुमेरा नळी हातात धरून उभी होती. दारात शांतम्मा येऊन थांबली.

"मॅडम, येक बोलू का? राग येनार न्हाय न्हवं?"

"बोला."

"त्या खोलीत वास येतोय. बाजारच्या दिशी लई येतोय."

"कसला वास?"

शांतम्मा पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या अब्बांच्या भट्टीचा. नवसागराचा. नाकात पार झोंबतंय बघा. समद्यास्नी येतोय."

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"कसं सांगावं? वडील हायेत तुमचे."

हुमेरा पाण्याच्या खोलीत गेली आणि मागच्या भिंतीशी उभी राहून तिनं खोल श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. नवसागर तापला की त्यातून अमोनिया सुटतो, हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. तिला तर कॉलेजापासून माहीत होतं. पण तो वास तिच्या नाकाला वास म्हणून कधी कळलाच नव्हता. अब्बा कामावरून घरी आले की घरात जी हवा असायची तीच ही हवा. शाळेतल्या त्या मुली खरं बोलत होत्या, हे तिला आज समजलं आणि ती मनातल्या मनात ओशाळली.

तरी नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी ती नव्हे. तिनं सकाळीच बाटलीत बंद करून ठेवलेल्या कोऱ्या पाण्याचे दोन पेले भरले. एक कपाटात झाकून ठेवला, एक मागच्या खिडकीत उघडा ठेवला. अर्ध्या तासानं दोन्हींत औषध टाकलं. कपाटातला कोरा, खिडकीतला पिवळा. धुळीची जाळी धूळ अडवत होती, वायू कसा अडवणार. बाहेर कडुलिंबाखाली खाजाभाई एका डेगेला कल्हई करत होते आणि भिंतीतली नळी तो धूर निमूटपणे आत घेत होती. ती नळी तिथं तिनंच बसवली होती आणि अब्बांनाही तिथं तिनंच बसवलं होतं. मग ती शांतम्माकडं गेली आणि म्हणाली, "मी तुमच्यावर उगाच घसरले. माफ करा." शांतम्मा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मॅडम," आणि बादली पुन्हा आत आणली.

खरा घोर पुढं होता. जड पाण्याचा नमुना आहे तसा तपासता येत नाही. तो कोऱ्या पाण्यानं दहापट पातळ करायचा, तपासायचा आणि आलेला आकडा दहानं गुणायचा. म्हणजे कोऱ्या पाण्यातली चूकही दहानं गुणली जाणार. सकाळचा ब्लँक चांगला म्हणून दुपारचं सगळं काम चांगलं, असं ती धरून चालली होती. दिवसाला एकच ब्लँक हा नियमही तिचाच. तिनं सात महिन्यांचं रजिस्टर काढलं आणि बाजाराच्या दुपारी तपासलेले नमुने एकेक करून बोटानं शोधले. एकूण एकेचाळीस होते. चाळीस नमुन्यांत चूक धरूनही पाणी पिण्यालायकच ठरलं होतं. एकेचाळिसावा नमुना मुरुमच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावाच्या विहिरीचा होता. त्याच्यापुढं तिच्या हातानं लिहिलं होतं, पिण्यास अयोग्य. चार महिन्यांपूर्वी. खाली तिची सही.

विहीर बंद झाली होती. त्या गावच्या बायका चार महिने लांबच्या बोअरवर जात होत्या.

हुमेरानं त्या विहिरीचं पाणी नव्यानं मागवलं. बाजार नसलेल्या दिवशी, आधी ब्लँक, नंतर ब्लँक, मध्ये नमुना, असं तीन वेळा तपासलं. पाणी उत्तम होतं. कागद घेऊन ती रणधीर सरांकडे गेली आणि सगळं सांगितलं. रणधीर सर वाईट माणूस नव्हे. प्रयोगशाळा उभी करायला त्यांनी दारोदार फिरून चपला झिजवल्या होत्या. त्यांनी कपाळ चोळलं.

"असं करा," ते म्हणाले. "नवा अहवाल द्या. लिहा, फेरतपासणीत पाणी सुधारल्याचं आढळलं. विहीर उघडेल, विषय संपेल."

"पाणी सुधारलेलं नाही सर. ते बिघडलंच नव्हतं."

"ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कशाला? मॅडम, एकदा लोकांना कळलं की इथला कागद चुकतो, की कोण बाटली घेऊन येणार आपल्याकडं? पाच वर्षं लागली लोकांना इथवर आणायला."

हुमेराला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही, आणि हेच अवघड होतं. ही प्रयोगशाळा तिनं पोटच्या पोरासारखी वाढवली होती. पण बिघडलेल्या कल्हईचं भांडं आपणच मागून आणायचं असतं, ह्यापलीकडं तिला काही येतच नव्हतं. ती म्हणाली, "पहिला अहवाल चुकीचा होता असं पत्र मी लिहिते आणि स्वतः नेऊन देते."

सरांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "पत्रावर सही तुमची राहील."

"चूकही माझीच आहे," हुमेरा म्हणाली.

राहता राहिले अब्बा. पुढच्या बाजाराला ती सकाळीच कडुलिंबाखाली गेली. खाजाभाईंनी नुकती एक मोठी डेग चढवली होती. कसं सांगावं ह्याची तिनं रात्रभर जुळवाजुळव केली होती, ती सगळी विसरून ती एका दमात बोलून गेली. तुमचा धूर भिंतीतून माझ्या पाण्यात जातोय, त्यानं एक अहवाल चुकला, एक विहीर बंद पडली. खाजाभाईंनी पंखा थांबवला. हुमेराला वाटलं, आता अब्बांचं तोंड उतरणार.

"किती गेला धूर?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, म्हंजे किती? वजनात सांग."

हुमेरानं मनात हिशोब केला. "एका हंड्यात साखरेचे दोन दाणे टाकले तर जेवढं होईल, साधारण तेवढं."

खाजाभाईंनी पंख्याचा दांडा सोडला. "साखरेचे दोन दाणे," ते म्हणाले. "हंडाभर पाण्यात. और तेरे पानी कू समझ गया?"

"समजलं, अब्बा. पण उशिरा."

म्हाताऱ्याचं तोंड उतरायचं सोडून फुललं. डेग घेऊन आलेला आचारी बाजूला बिडी ओढत बसला होता. खाजाभाई त्याच्याकडं वळले आणि त्यांनी ती दोन दाण्यांची गोष्ट त्याला दोनदा सांगितली, एकदा मराठीत आणि एकदा दखनीत. आचाऱ्यानं मान डोलावली, त्याला डेगेची घाई होती. मग खाजाभाईंनी जे केलं ते हुमेरानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. चढवलेली डेग त्यांनी तशीच उतरवली आणि भट्टीवर माती ओढली. काम अर्धं टाकून उठणं त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. "चल रे," ते आचाऱ्याला म्हणाले, "रस्त्यापल्याड गॅरेजपाशी बसू." तिथं पत्रा होता, ऊन होतं, ट्रकचा गोंगाट होता. हुमेराचा जीव गलबलला. पुढं तिनं नळीला वायू अडवणारी गाळणी बसवली आणि परत या म्हणून मिनत्या केल्या, तरी ते आले नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी जाता जाता एवढंच विचारलं, "त्या गावाला कधी जायचं? मी पण येतो."

"तुम्ही कशाला?"

"धूर कुणाचा होता?" खाजाभाई म्हणाले.

दोघं गेले. विहिरीवर पाटी टांगलेली होती, तिच्यावरचा लाल रंग उन्हानं विटला होता. ग्रामपंचायतीनं माणसं गोळा केली, पण पुढं उभ्या राहिल्या त्या बायकाच. त्यात इरम्मा नावाची साठीची बाई होती, तिचं घर विहिरीला लागून. हुमेरानं पत्र वाचून दाखवलं. हे पाणी चांगलं होतं. आमच्या पाण्यात दोष होता, तुमच्या नव्हे. तपासण्याची पद्धत मी ठरवलेली होती, ती चुकली.

मग खाजाभाई पुढं आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "धूर माझ्या भट्टीचा होता. मला कळला न्हाय. माफी असू द्या."

इरम्मानं एकदा बापाकडं पाहिलं, एकदा लेकीकडं. "बेस झालं की," ती म्हणाली. "धूर ह्यांचा, पानी तुमचं, आन् पाय झिजले आमचे."

हुमेरा मान खाली घालून उभी राहिली. ते ऐकून घेणंही तिच्या कामाचाच भाग होता आणि तिनं तो टाळला नाही. इरम्मानं सुनेला कानडीत काहीतरी सांगितलं. सून घरातून दोर आणि घागर घेऊन आली. चार महिन्यांनी घागर विहिरीत उतरली. इरम्मानं तांब्या भरला आणि हुमेरासमोर धरला.

"कागद ऱ्हाऊ द्या बाजूला. तुम्ही पेऊन दावा."

हुमेरानं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा पूर्ण रिकामा केला. पाणी जड होतं, किंचित खारट, गार. आयुष्यभर काहीच नसलेलं पाणी करणाऱ्या त्या बाईला ते पाणी फार गोड लागलं. दुसरा तांब्या खाजाभाईंनी मागून घेतला. इरम्मा हसली नाही, पण पाटी तिनं स्वतःच्या हातानं काढली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. उमरग्यातल्या प्रयोगशाळेचा कागद चुकला म्हणे, बाईनंच कबूल केलं म्हणे. पुढच्या आठवड्यात नेहमीच्या दोन ग्रामपंचायतींनी बाटल्या पाठवल्या नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात चार ग्रामपंचायतींनी. नमुने ठेवायचं फडताळ निम्मं रिकामं झालं. रणधीर सर येता-जाता तिकडं बघायचे आणि न बोलता आत जायचे, ते बोलले असते तर हुमेराला बरं वाटलं असतं. ती रोज सकाळी एक, दुपारी एक आणि काम संपल्यावर एक, असे तीन ब्लँक घेत राहिली. तिन्ही कोरे येत होते. पण कोऱ्या पाण्यानं तपासायला कुणाचं पाणी तर हवं.

मग एका सोमवारी ती आली तेव्हा पायरीवर एक मोठी प्लास्टिकची क्रेट होती आणि शांतम्मा तिच्याशेजारी उकिडवी बसली होती. मुरुमहून येणाऱ्या पहिल्या एस.टी.च्या कंडक्टरनं ती उतरवून दिली होती. क्रेटमध्ये सव्वीस बाटल्या होत्या. प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. इरम्माच्या गावच्या शिवारातल्या प्रत्येक बोअरचं, आडाचं, शेतातल्या विहिरीचं, शाळेच्या टाकीचं पाणी, आणि ज्या बाईनं ते भरलं तिचं नाव. चिठ्ठ्या कानडीत होत्या. हुमेराला कानडी समजायची, वाचता येत नसे. शांतम्माचं माहेर पलीकडचं, तिची चौथीपर्यंतची शाळा कानडीतली.

"वाचा," हुमेरा म्हणाली. शांतम्मा एकेक नाव वाचत गेली आणि हुमेरा रजिस्टरमध्ये लिहीत गेली. आवाज ऐकून रणधीर सर बाहेर आले आणि दाराला टेकून उभे राहिले.

शेवटच्या बाटलीची चिठ्ठी मोठी होती. इरम्मानं ती कुणाकडून तरी लिहून घेतली होती. शांतम्मानं आधी ती मनातल्या मनात वाचली, मग मराठी करून सांगितली.

"ती म्हनतीया, ह्यातलं कुटलं पानी वाईट निघालं तरी सांगा. आमी रागावनार न्हाय. तुमी वाईट म्हनला तर ते वाईटच असंल."

हुमेरानं चिठ्ठी हातात घेतली. वाचता येत नव्हती तरी ती तिच्याकडं बघत राहिली. पीएच.डी.च्या दिवशी, हैदराबादेत पहिलं यंत्र चालू झालं त्या दिवशी, तिला अभिमान वाटला होता, पण असा नव्हे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं लपवलं नाही. रणधीर सर खाली उतरले, त्यांनी क्रेटची एक बाजू धरली, शांतम्मानं दुसरी. हुमेरा पुढं होऊन दार उघडत म्हणाली, "आधी ब्लँक घेते. तोवर बाटल्या उन्हात ठेवू नका."